कॉक्सकोम : इंग्रजी साहित्यातली एक तुरेवाली शिवी

चिंचोका

जेन ऑस्टिनच्या 'एमा'मध्ये (१८१५) मिस्टर नाइटलीनं फ्रँक चर्चिलला अजून पाहिलेलंही नसतं. तरी तो एमाला सांगून मोकळा होतो की गडी चार शहाण्या गोष्टी बोलणारा निघाला तर ओळख वाढवू, पण नुसता बडबड्या 'कॉक्सकोम' असेल तर त्याच्यापायी मी वेळ घालवणार नाही. पुढे फ्रँक गावात येतो, लहानथोरांना खूश करतो आणि एके सकाळी केस कापायला म्हणून लंडनला निघून जातो. सोळा मैल जायचं, सोळा मैल यायचं, कशासाठी, तर हजामतीसाठी! एमालाही ते खटकतं. नाइटलीच्या हातात वर्तमानपत्र असतं, त्यातूनच तो पुटपुटतो, 'वाटलाच होता तसा निघाला. उथळ आणि मूर्ख.'

शब्दकोशात कॉक्सकोम म्हणजे स्वतःवर फिदा असलेला, नटण्यामुरडण्यात रमलेला पोकळ माणूस. त्याच्या त्या वागण्याला कॉक्सकोम्री. आता हा शब्द कुणी वापरत नाही, जुन्या पुस्तकांतच भेटतो. पण तिथं तो वाचताना शब्दकोशातला अर्थ दर वेळी बसत नाही. माझं म्हणणं असं की या शिवीचा रोख कपड्यांवर फार नाहीच. अक्कल नसताना ती असल्याचा तोरा, हे तिचं खरं लक्ष्य.

मूळ पाहू. दरबारी विदूषकाच्या टोपीवर कोंबड्याच्या तुऱ्यासारखा लाल कापडी तुरा असे. त्या टोपीचं नाव कॉक्सकोम. 'किंग लिअर'च्या पहिल्या अंकात ही टोपी रंगमंचावर हातोहात फिरते. लिअरनं राज्य दोन मुलींना वाटून टाकलंय, तिसरीला हाकलून दिलंय. वेष पालटून आलेला त्याचा निष्ठावान सरदार केंट त्याच्या चाकरीला राहतो, तेवढ्यात विदूषक येतो आणि आल्या आल्या आपली टोपी केंटपुढे धरतो. घे बाबा, तुला लागेल. का? तर ज्याचे दिवस फिरलेत त्याची बाजू घेणाऱ्याला हीच शोभते. मग लिअरकडे वळून म्हणतो, माझ्याकडे दोन टोप्या आणि दोन मुली असायला हव्या होत्या. सगळी इस्टेट मुलींना दिली असती, पण टोप्या मात्र स्वतःजवळ ठेवल्या असत्या. ही माझी एक घे, दुसरी तुझ्या मुलींकडे माग!

मुकुट गेलेल्या राजाला टोपी देऊ करणारा हा प्रवेश मला अख्ख्या नाटकात सगळ्यात क्रूर वाटतो, डोळे फोडण्याच्या प्रसंगाहूनही. (मतभेद असू शकतात, हाणा.) विंदांचं 'राजा लिअर' ज्यांच्या कपाटात असेल त्यांनी तोही काढून बघावा.

टोपीवरून शब्द डोक्यावर आला. 'ट्वेल्फ्थ नाइट'च्या शेवटच्या अंकात सर अँड्र्यू मार खाऊन येतो आणि सर टोबीचा 'कॉक्सकोम' रक्तबंबाळ झाला म्हणून ओरडतो. म्हणजे टाळकं फुटलं. थोड्याच ओळींनंतर तोच फुटक्या टाळक्याचा टोबी अँड्र्यूला शिव्या घालतो, त्यात गाढव आहे, लबाड आहे आणि मध्ये कॉक्सकोमही आहे. एकाच प्रवेशात दोन अर्थ.

आणि 'ऑथेल्लो'. डेस्डिमोनाचा खून झालाय, सगळं उघडकीला आलंय आणि तिची दासी एमिलिया ऑथेल्लोला तोंडावर 'खुनी कॉक्सकोम' म्हणते. तुझ्यासारख्या मूर्खाला इतकी चांगली बायको हवीच कशाला? ऑथेल्लो हा रांगडा शिपाईगडी. अत्तर, रिबिनी, कुरळे केस यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तरी एमिलियाला हाच शब्द सुचतो.

तर मंडळी, तुमच्या वाचनात हा शब्द कुठं आला?

बोरूबहाद्दर

वाचनखूण साठवली. चहा घेऊन बसलोय, येऊ द्या.

मेथीदाणा

लेख आवडला, पण शेक्सपिअर सोयीचा साक्षीदार आहे. त्याच्या वेळी टोपी लोकांच्या डोळ्यांपुढे होती, म्हणून 'मूर्ख' हाच अर्थ वर. गंमत पुढे सुरू होते. १६४२ला बंद पडलेली थिएटरं १६६०ला दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर उघडली. राजा आणि त्याचे सरदार परदेशातल्या वनवासातून परतले ते फ्रेंच चालीरीती घेऊनच. मग प्रत्येक विनोदी नाटकात एक नटवा हवाच, असं झालं.

त्यांचा बादशहा म्हणजे जॉर्ज एथरिजच्या 'द मॅन ऑफ मोड'मधला (१६७६) सर फॉपलिंग फ्लटर. नुकताच पॅरिसहून आलाय. बायका आणि दोघं चावट मित्र त्याच्याभोवती कोंडाळं करून एकेक वस्तू विचारतात आणि हा पोपटासारखा दुकानदारांची नावं सांगतो. सूट? बारॉय. रिबिनी? ल ग्रा. जोडे? पिकार. विग? शेद्रो. हातमोजे? ओरांजरी, 'वास तर तुम्हाला ठाऊकच आहे!' आपली उडवली जातेय याचा त्याला पत्ता नाही, उलट गडी खुलत जातो. आजचा ब्रँडवेडा यापेक्षा वेगळं काय करतो? इथं कपडे बाजूला काढून दाखवा बघू.

पुढे १६९६ला नट-नाटककार कॉली सिबरनं स्वतःच्या नाटकात सर नॉव्हेल्टी फॅशन नावाचा नटवा उभा केला. त्याच वर्षी व्हॅनब्रूनं आपल्या 'द रीलॅप्स'मध्ये त्याला बढती देऊन लॉर्ड फॉपिंग्टन केलं आणि तेही काम सिबरनंच केलं. सिबरचा विग एवढा अवाढव्य की तो मेण्यात घालून, दोन भोई लावून रंगमंचावर आणत, आणि प्रेक्षक त्या विगलाच टाळ्या देत. ही माहिती कवी अलेक्झांडर पोपनं सिबरची टर उडवताना दिलेली आहे, तेव्हा मीठ चवीपुरतं घ्यावं. पण मेणा खरा.

चिंचोका

मेथीदाणा, दंडवत! पण सर फॉपलिंग माझ्याच बाजूनं साक्ष देतो. ते नाटक उघडतं कुठं? नायक डोरिमंटच्या खोलीत, सकाळी, तो तयार होत असताना. नोकर विचारतो, अत्तर कुठलं लावू? डोरिमंट कुरकुरतो, की रिबीन नीट बांधता येण्यावर माणसाची किंमत ठरावी, काय हे! पण हेही म्हणतो की मला चांगले कपडे घालायला आवडतात आणि त्यानं माझ्या अकलेला बट्टा लागतो असं मला वाटत नाही. म्हणजे आरशापुढे दोघंही उभे आहेत. डोरिमंटला कुणी हसत नाही, कारण तो हुशार आहे (आणि पक्का हरामखोर आहे, पण तो वेगळा धागा). हसू होतं ते सर फॉपलिंगचं, कारण हातमोज्यांखेरीज त्याच्यापाशी दाखवण्यासारखं काही नाही आणि हे त्याला कळत नाही.

खडूफळा

पोपचा विषय निघालाच आहे तर 'एसे ऑन क्रिटिसिझम'मधली (१७११) ओळ राहून कशी गेली? भावार्थ असा : काही जण शास्त्रपंथांच्या भुलभुलैयात वाट चुकतात, आणि काहींना निसर्गानं नुसतं मूर्ख म्हणून घडवलेलं असतं, त्यांचे शिकून कॉक्सकोम होतात.

पोपच्या लेखी मूर्ख ही जन्मजात अवस्था आणि कॉक्सकोम ही कमावलेली पदवी. मूर्ख बिचारा निरुपद्रवी असतो, चार पुस्तकं वाचली की तो इतरांना शहाणपण शिकवायला लागतो. इथं ना विग, ना रिबीन. चिंचोकांना एक मत.

बोरूबहाद्दर

'चार पुस्तकं वाचली की' हे वाचून कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपातले दोन काका डोळ्यांपुढे आले. नावं सांगत नाही, ते इथंही असतात.

अवांतर : 'यांकी डूडल' या अमेरिकन गाण्यातला तो टोपीत पीस खोवून त्याला 'मॅकरोनी' म्हणणारा याच पंथातला ना? इंग्रजी माध्यमातली पोरं गाणं म्हणतात आणि पास्ता समजतात.

मेथीदाणा

@बोरूबहाद्दर, हो. मॅकरोनी म्हणजे १७६०-७०च्या सुमाराचे लंडनचे छेलबटाऊ, इटलीची सहल करून आलेले. गाण्याचा टोमणा असा, की अमेरिकेतल्या या गावंढळाला वाटतं एक पीस खोवलं की झालो आपण मॅकरोनी. अमेरिकनांनी ते गाणं उचलून स्वतःचंच करून टाकलं, हा पुढचा भाग.

सातारकर_जुने

उत्तम चर्चा. एक भर घालतो. त्याच सुमारास आपल्याकडे एका इंग्रजाला लोकांनी याच्या बरोबर उलट किताब दिला होता. कॅप्टन जेम्स स्टुअर्ट हा कंपनीच्या फौजेतला अधिकारी जानेवारी १७७९मध्ये कार्ल्याजवळ मराठ्यांच्या तोफेला बळी पडला. मराठ्यांनी त्याचे नाव ठेवले 'इष्टुर फाकडा'. वडगाव मावळला त्याची समाधी आहे. पेशवाईतल्या अडीच फाकड्यांमध्ये मानाजी शिंदे आणि कोन्हेरराव एकबोटे हे दोन पूर्ण, आणि हा शत्रुपक्षाचा म्हणून अर्धा, असे सांगतात. फाकडा म्हणजे ऐटबाज खराच, पण ती ऐट लढाईत खरी करून दाखवणारा.

चिंचोका

काका, क्या बात! म्हणजे ऐट तीच, फरक तिच्यामागे ऐवज आहे की नाही एवढाच.

निशिगंधा_क

मला धागाकर्त्यांशी भांडायचं आहे. फ्रँकची हजामत सांगितलीत आणि त्या प्रकरणाचा अर्धाच भाग सांगितलात. (पुढे रहस्यभेद आहे. 'एमा' वाचायची असेल त्यांनी खालचा परिच्छेद सोडा.)

फ्रँक लंडनला केस कापायला गेलेलाच नसतो. म्हणजे केस कापून येतो, पण खरं काम वेगळं. गावात जेन फेअरफॅक्स आहे, दोघांचं लग्न चोरून ठरलंय, आणि थोड्याच दिवसांत तिच्या घरी ब्रॉडवुड कंपनीचा पियानो येऊन पडतो. कुणी पाठवला, कुणाला पत्ता नाही. हजामत ही नुसती सबब. आता बघा, त्याला सबबी कमी होत्या का? बँकेचं काम, मित्राची भेट, दातदुखी, काहीही चाललं असतं. पण त्यानं अशी निवडली की ऐकणारा हसेल, नाक मुरडेल आणि पुढे एक प्रश्न विचारणार नाही. एमा स्वतःला भलती चाणाक्ष समजते, तीही फसते. नाइटलीचा तर पूर्वग्रहच खरा ठरतो, मग तो कशाला खोलात जातोय? कॉक्सकोम्री हा उत्तम बुरखा आहे, कारण आपल्यापेक्षा बावळट माणूस दिसला की आपण सुखावतो आणि तपास थांबवतो.

तेव्हा तुमचं 'तुऱ्याखाली डोकं रिकामं' हे सूत्र ऑस्टिननं १८१५लाच उलटं करून ठेवलंय. पुढे बॅरोनेस ऑर्क्झीच्या 'स्कार्लेट पिंपरनेल'मधला सर पर्सी हाच धंदा पूर्णवेळ करतो. क्रॅव्हॅटच्या (गळ्याला बांधायच्या रुमालाच्या) गाठीवर तासन्‌तास बोलायचं आणि फ्रेंच राज्यक्रांतीत लोकांची मुंडकी वाचवायची. त्याच्या बायकोलाही कळत नाही.

बोरूबहाद्दर

रहस्यभेदाची सूचना दिलीत त्याबद्दल आभार, पण मी वाचला. पुस्तक २०० वर्षांचं आहे, आता फसलो तर माझी चूक.

चिंचोका

निशिगंधाताई, पियानो मुद्दाम झाकून ठेवला होता, म्हटलं कुणीतरी काढेलच. पण मुद्दा बिनतोड. एक शेपूट जोडतो : सबब पटते कारण फ्रँकमध्ये त्याचा थोडा अंश आहेच. गाव फसतंय हे पाहून तो मनातून खूश असतो. कपड्यांचा नसेल, पण चतुरपणाचा तोरा त्याला आहे.

आडवाटेचा

उशिरा आलो, पण माझ्याकडची पुडी सगळ्यात मोठी आहे. या शब्दाचा खटला झालाय. खराखुरा, कोर्टात.

१८७७. लंडनमध्ये ग्रोव्हनर गॅलरी नवी उघडलेली. चित्रकार जेम्स व्हिस्लरचं 'नॉक्टर्न इन ब्लॅक अँड गोल्ड : द फॉलिंग रॉकेट' तिथं टांगलेलं. टेम्सकाठच्या बागेतली दारूकामाची रात्र, काळोख आणि त्यात सोनेरी ठिणग्या. किंमत दोनशे गिनी. तेव्हा कलासमीक्षेत ज्याचा शब्द प्रमाण मानत तो माणूस म्हणजे जॉन रस्किन. त्यानं आपल्या पत्रिकेत लिहिलं की कॉकनी (म्हणजे लंडनच्या सामान्य वस्तीतला) उद्धटपणा मी पुष्कळ पाहिला-ऐकला आहे, पण जनतेच्या तोंडावर रंगाचा डबा फेकण्याचे एखादा कॉक्सकोम दोनशे गिनी मागेल असं वाटलं नव्हतं.

व्हिस्लरनं एक हजार पौंडांचा बदनामीचा दावा ठोकला. नोव्हेंबर १८७८मध्ये दोन दिवस खटला चालला. रस्किन आजारी, आलाच नाही. त्याच्या वतीनं अ‍ॅटर्नी जनरल सर जॉन होल्कर उभे. त्यांनी व्हिस्लरला विचारलं, दोन दिवसांच्या मेहनतीचे तुम्ही दोनशे गिनी मागता? व्हिस्लर म्हणाला, नाही, आयुष्यभराच्या ज्ञानाचे मागतो. हा किस्सा कलेच्या सगळ्या पुस्तकांत असतो. आपल्या धाग्याचा ऐवज त्यानंतर आहे आणि तो सहसा कुणी सांगत नाही.

होल्करांनी बचावाच्या भाषणात शेवटी हा शब्द घेतला. म्हणाले, मी कोशात पाहिलं. हा शब्द त्या जुन्या विदूषकावरून आला, जो टोपीत कोंबड्याचा तुरा लावून धन्याला आणि त्याच्या कुटुंबाला हसवत फिरे. हाच अर्थ असेल तर मिस्टर व्हिस्लर यांनी तक्रार करायला नको, कारण त्यांच्या चित्रांनी ब्रिटिश जनतेची जेवढी करमणूक केली तेवढी कशानं झाल्याचं मला आठवत नाही.

वकिलाची चलाखी बघा. रस्किननं वापरलेला अर्थ सगळ्यांना कळत होता. व्हिस्लरचा अवतारही तसाच : काळ्या कुरळ्यांत एक पांढरी बट, डोळ्याला एकभिंगी चष्मा, हातात लांब सडक काठी. तो अर्थ धरला तर बदनामी पक्की. म्हणून होल्कर शब्दाला धरून अडीचशे-तीनशे वर्षं मागे घेऊन गेले, टोपीपर्यंत, आणि शिवीचा विनोद करून टाकला. ज्यूरीनं निकाल व्हिस्लरच्या बाजूनं दिला आणि भरपाई किती, तर एक फार्दिंग. पेनीचा चौथा हिस्सा! खटल्याचा खर्च ज्याचा त्यानं सोसायचा. पुढच्याच वर्षी व्हिस्लरचं दिवाळं निघालं. तो फार्दिंग मात्र त्यानं घड्याळाच्या साखळीला लावून मिरवला, असं सांगतात. चित्र सध्या डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयात आहे.

माझं मत : फार्दिंग मिरवणं ही अस्सल कॉक्सकोम्री, आणि मला त्यासाठीच व्हिस्लर आवडतो.

खडूफळा

__/\__ याला स्वतंत्र धागा हवा होता.

रस्किनच्या वाक्यात एक चूकही आहे. व्हिस्लर कॉकनी कुठला, तो अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलला जन्मलेला. चिडलेल्या माणसाला भूगोल आठवत नाही.

मेथीदाणा

कॉकनी आणि कॉक्सकोम एकाच वाक्यात! अहो, ही जोडी 'लिअर'मध्येच आहे. दुसऱ्या अंकात लिअरचं काळीज उसळायला लागतं तेव्हा विदूषक त्याला म्हणतो, ओरड त्याच्यावर, जशी ती कॉकनी बाई ओरडली होती. तिनं वाम मासे जिवंतच पिठात घातले, ते वर डोकी काढायला लागले तेव्हा त्यांच्या कॉक्सकोमांवर काठीनं टपल्या मारून म्हणाली, 'खाली बसा मेल्यांनो, खाली!' रस्किनचा शेक्सपिअर चांगलाच मुरलेला होता. मुद्दाम आणलं की कानात घुमत होतं ते आपोआप आलं, हे त्याचं त्याला ठाऊक, पण माझा कौल घुमण्याला.

निशिगंधा_क

सगळे पुरुषच कसे? बायकांच्या नटण्यावर तर रकानेच्या रकाने भरलेत, मग हा शब्द फक्त पुरुषांसाठी राखीव का?

खडूफळा

बायकांसाठी तेव्हा 'कोकेट' (पुरुषांना झुलवणारी नखरेल बाई) होता. अ‍ॅडिसननं 'स्पेक्टेटर' या नियतकालिकात दोघांचंही शवविच्छेदन केलंय. १५ जानेवारी १७१२च्या अंकात एका छानछोकी गड्याचं डोकं उघडतात. आत मेंदूसारखं काहीतरी दिसतं, पण तो मेंदू नाहीच. एका कप्प्यात रिबिनी आणि लेस, दुसऱ्यात प्रेमपत्रं. पिनिअल ग्रंथीला, जिथं आत्मा राहतो असं तेव्हाचे तत्त्वज्ञ म्हणत, अत्तराचा आणि संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास. डोळे मारायचे स्नायू वापरून झिजलेले, आणि नजर आकाशाकडे वळवणारा स्नायू मात्र कोरा करकरीत. मेला कसा? एका प्रतिष्ठित नागरिकाच्या बायकोशी लाडीगोडी करताना त्या नागरिकानं फावडा घातला म्हणून.

आठवड्यानंतरच्या अंकात कोकेटचं काळीज. वरच्या पडद्यावर बाणांचे असंख्य ओरखडे, पण आत एकही शिरलेला नाही. आणि अगदी मध्यभागी काय सापडावं? मागच्या आठवड्यात फाडलेल्या त्याच गड्याची छोटी मूर्ती!

सातारकर_जुने

फावडा वाचून हसू आवरेना.

निशिगंधा_क

मूर्ती ठाऊक नव्हती, मस्तच. तरी पारडं समान नाही, कारण तिचं काळीज फाडलं आणि त्याचं डोकं. म्हणजे डोकं पुरुषालाच असतं हे गृहीतच. असो, अ‍ॅडिसनशी इथून भांडता येत नाही.

ऑस्टिननं मात्र हिशेब चुकता केला. 'पर्स्वेजन'मधला सर वॉल्टर एलियट चोपन्न वर्षांचा आहे आणि आपल्या रूपावर बेहद्द खूश. आरमारी लोकांवर त्याचा राग का, तर उन्हावाऱ्यानं त्यांचे चेहरे रापतात. पुढे कर्जापायी वाडा भाड्यानं द्यायची वेळ येते आणि राहायला येतो तो नेमका अ‍ॅडमिरल क्रॉफ्ट. अ‍ॅडमिरल वाड्यात फारसे बदल करत नाही, फक्त सर वॉल्टरच्या खोलीतले मोठे आरसे हलवायला लावतो. वर त्याच्याच मुलीला, म्हणजे अ‍ॅनला, अगदी भाबडेपणानं सांगतो की वयाच्या मानानं तुमचे वडील जरा जास्तच नटणारे असावेत. केवढे ते आरसे, बापरे, स्वतःपासून सुटकाच नाही! त्याच्यापुरता एका कोपऱ्यात दाढीचा छोटा आरसा ठेवलाय. आणखी एक भलंमोठं धूड खोलीत राहिलंय, पण त्याच्या जवळपासही तो फिरकत नाही.